रविवारी एकदम की रोजचं रोज?

कमी पैशांत घर जेवू घालायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं शिजवून डबे भरून ठेवा, हा एक. रोज लागेल तेवढंच करा, उरवू नका, हा दुसरा. पाच माणसांच्या घरात मी दोन्ही बरेच महिने करून पाहिलं आहे. कडधान्यं, अंडी आणि मोसमातली भाजी स्वस्त पडते हे तुम्हाला ठाऊक असणार, त्यामुळे ते सोडून देतो.

एकदम शिजवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. चौपट शिजवायला चौपट इंधन लागत नाही. खरेदी एकदाच, यादी एकच, त्यामुळे दुकानात हात सैल सुटत नाही. आणि खरी बचत मला तिथे दिसलीच नव्हती, ती दिसली कामाच्या दिवशी संध्याकाळी. दमून घरी आलं की ‘आज बाहेरूनच मागवू’ हे वाक्य घरात कुणीतरी म्हणतंच. डबा तयार असला की ते वाक्य ओठावर येत नाही. अशा दोन-तीन संध्याकाळी वाचल्या की महिन्याच्या हिशेबात फरक पडतो.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. चौथ्या दिवशीच्या डब्यापाशी.

शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये साधारण तीन ते चार दिवस ठेवावं असं सांगतात. म्हणजे रविवारचं गुरुवारपर्यंत, तेही जेमतेम. भाताला तर एवढीही मुभा नाही. त्यातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात बाहेर कोमट पडून राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून भात लवकर गार करून आत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. थोडक्यात, फ्रीझरमध्ये भरपूर जागा नसेल तर ‘आठवड्याचं’ हे नुसतं म्हणायला, प्रत्यक्षात ते अर्ध्या आठवड्याचं असतं. आमचा फ्रीझर म्हणजे एक खण, त्यातला निम्मा बर्फाने भरलेला.

पण नियमांचं मी सांभाळून घेतलं असतं. माणसांचं जमलं नाही. पहिल्या दिवशी सगळे आवडीने खायचे, दुसऱ्या दिवशी मुकाट्याने. तिसऱ्या दिवशी ‘परत हेच?’ सुरू व्हायचं आणि चौथ्या दिवशी डबा तसाच मागे सरकायचा. कुणी पावावर काहीतरी लावून भागवायचं, कुणी बाहेर खाऊन यायचं. म्हणजे त्या एका जेवणाचे पैसे आम्ही दोनदा भरत होतो: एकदा रविवारी, एकदा त्या दिवशी. वर शनिवारी फ्रीज आवरताना प्रत्येक डब्याच्या तळाशी दोन-दोन घास उरलेले. मी कधी वजन केलं नाही, पण ते सगळे तळ एका पातेल्यात ओतले की एका माणसाचं जेवण सहज भरायचं. काटकसरीसाठी सुरू केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला एक ताट फेकायचं, हे मनाला पटेना.

एखाद्याच्या घरी कुरकुर न करता खाणारी माणसं असतील, त्यांचं हे दुखणं नसेलही.

रोजच्या स्वयंपाकाची अडचण उलटी आहे. अन्न वाया जात नाही, माणूस वाया जातो. रोज सोलणं, चिरणं, रोज ‘आज काय करायचं’ हा प्रश्न. त्यात कडधान्य रात्री भिजवायला विसरलं की दुसऱ्या दिवसाचा सगळा बेत कोलमडतो आणि मग झटपट होणारं, म्हणजे बहुतेक वेळा महागडं, काहीतरी आणलं जातं. माझ्या हातून हे इतक्यांदा झालं की महिनाभरातच पुन्हा रविवारकडे वळावंसं वाटू लागलं होतं.

वळलो नाही, कारण मधली एक वाट सापडली. जेवण रोज करायचं, पण वेळखाऊ काम तेवढं आधी एकदम उरकायचं. माझ्या लेखी वेळखाऊ काम म्हणजे कडधान्यं. एक किलो कोरडं कडधान्य शिजून साधारण सव्वादोन ते अडीच किलो होतं. ते नुसतंच शिजवायचं, चव न लावता, आणि एका जेवणाला पुरेल एवढ्या पिशव्या भरून त्या आडव्या, चपट्या गोठवायच्या. चपट्या पिशव्या आमच्या त्या अर्ध्या खणातही बसतात. कडधान्य गोठवून सुटल्यावर छान राहतं. उकडलेला बटाटा मात्र रवाळ होतो आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा, त्यामुळे ते दोन्ही ताजेच बरे. चव रोज वेगळी लावता येत असल्यामुळे एकाच पिशवीचं एक दिवस पातळ सार होतं, एक दिवस बटाट्याबरोबर सुकं. ‘परत हेच’ अगदी बंद झालं असं म्हणणार नाही, पण डबे मागे सरकायचे थांबले.

राजमा करत असाल तर एक गोष्ट टाळू नका. किमान पाच तास भिजवून ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं, ते मंद आचेवर जात नाही, उलट अर्धवट शिजल्यावर जास्त बाधतं. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या बरंच वर तापतं, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. इंधनही वाचतं.

तुमच्याकडे मोठा फ्रीझर असेल, घरातले सगळे उशिरा परतत असतील आणि तेच ते खायला कुणाची हरकत नसेल, तर रविवारची पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच चांगली मानवेल. आमच्याकडे ते मोठं पातेलं आता महिन्यातून दोनदाच खाली उतरतं, कडधान्यापुरतं. एरवी त्यात कांदे ठेवलेले असतात.