रेटिनॉल की व्हिटॅमिन सी: दोहोंपैकी एकच घ्यायचे असेल तर

चाळिशीच्या आसपास चेहऱ्याला काहीतरी लावायला सुरुवात करावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे थोडी विचारपूस केल्यावर बहुधा हीच दोन नावे उरतात: व्हिटॅमिन ए चाच एक प्रकार असलेले रेटिनॉल, आणि व्हिटॅमिन सी. सनस्क्रीन रोज लावले जाते, असे मी येथे गृहीत धरले आहे. ते लावले जात नसेल, तर आधी तेच आणावे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या होत्या. दुचाकीवर डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा स्कार्फने गुंडाळणाऱ्या पुण्यातल्या मुलींची आम्ही पुरुषांनी पुष्कळ थट्टा केली, पण या बाबतीत शहाणपण त्यांच्याकडेच होते.

दोन्ही पदार्थांमागे खरे रसायन आहे, एवढे प्रथम मान्य करायला हवे. (कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन, घातलेल्या क्रीमबद्दल तसे म्हणता येत नाही, कोलॅजनचा रेणू एवढा मोठा असतो, की तो त्वचेत शिरतच नाही, वरच्या वर ओलावा धरून ठेवतो.) व्हिटॅमिन सी उन्हामुळे निर्माण होणाऱ्या मुक्त कणांना निष्प्रभ करते, काळपट डागांमागचे रंगद्रव्य तयार होण्यास आळा घालते, आणि कोलॅजनचे धागे पक्के विणले जाण्यासाठी शरीराला त्याची गरज असतेच. रेटिनॉलचे काम अधिक खोलवर चालते. त्वचेत गेल्यावर ते दोन टप्प्यांत रेटिनॉइक आम्लात बदलते, आणि हे आम्ल पेशींच्या केंद्रकापर्यंत पोहोचून नवे कोलॅजन बनवण्यास चालना देते व असलेले कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. हेच आम्ल ट्रेटिनॉइन या नावाने अमेरिकेत १९७१ पासून मुरमांवर दिले जात होते. ते लावणाऱ्या प्रौढ रुग्णांची त्वचा नितळ होत असल्याचे लक्षात येत गेले, आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली. पुराव्याचे वजन कोणत्या बाजूला अधिक आहे, हे यावरून दिसतेच.

तरीही मी आधी दोन वर्षे व्हिटॅमिन सीच लावले, कारण ते सौम्य असते असे ऐकले होते आणि सकाळी लावल्यावर चेहऱ्यावर तुकतुकी येत असे, हेही खरे. माझी तक्रार त्या बाटलीबद्दल आहे. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल त्वचेत मुरण्यासाठी चांगले आम्लधर्मी द्रावण लागते, आणि त्या द्रावणात ते हवा, उजेड व उष्णता यांपुढे फार दिवस तग धरत नाही. मार्च संपता संपता पाण्यासारखे असलेले सीरम एप्रिलच्या मध्याला फिकट पिवळे होई, आणि मे महिन्यात, बाटली निम्मीही संपलेली नसताना, थेंबाचा रंग कोऱ्या चहासारखा होई. मी रोज सकाळी एक थेंब पांढऱ्या बशीवर टाकून कालच्यापेक्षा गडद झाला का ते पाहू लागलो. मग ती बाटली फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी गेली, आणि दाढी झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन चेहऱ्याला काहीतरी चोपडणारा गृहस्थ हा आमच्या घरात विनोदाचा विषय झाला. उशीच्या अभ्र्यावरचे पिवळट डाग निघाले नाहीत, ते वेगळेच. महागाची वस्तू आज उपयोगी आहे की उतरली आहे, याचा निकाल रोज आपणच द्यायचा, हे मला जमले नाही.

रेटिनॉलही उजेडाने व हवेने खराब होते, हे कबूल केले पाहिजे. पण ते बंद धातूच्या ट्यूबमध्ये येते, रात्री लावायचे असते आणि मटारच्या दाण्याएवढे पुरते. त्याचा त्रास सुरुवातीलाच होतो. पहिले पाच-सहा आठवडे माझ्या नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे निघत होते, आणि डिसेंबरातल्या एका मुंजीत दोन वडीलधाऱ्यांनी तब्येतीची चौकशी केली. पुण्याच्या कोरड्या थंडीत ते सुरू करणे ही माझीच चूक होती. जुलैच्या दमट हवेत, आठवड्यातून दोन रात्री आणि वरून साधे मॉइश्चरायझर, असे सुरू केले असते तर बरेच निभावले असते. तीन महिन्यांनी डोळ्यांच्या कडेच्या रेषा मला खरोखरच पुसट वाटल्या, मात्र मी आरशात चष्मा काढून पाहतो, हेही सांगायला हवे.

गर्भवती स्त्रियांनी, किंवा तसा विचार असणाऱ्यांनी, रेटिनॉल टाळावे, आणि ट्रेटिनॉइन त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय आणू नये. ज्यांची त्वचा चुरचुरणे अजिबात सोसत नाही त्यांच्यासाठी आपल्या बावचीच्या बियांतून मिळणारे बाकुचिऑल आहे. ४४ जणांवरच्या एका बारा आठवड्यांच्या चाचणीत ते रेटिनॉलच्या बरोबरीने उतरले आणि पापुद्रेही कमी निघाले, पण एवढ्यावर मी तरी पैसे लावणार नाही. सुरकुत्यांपेक्षा डागांचीच चिंता अधिक असेल, तर मात्र व्हिटॅमिन सीकडे वळणाऱ्याला मी अडवणार नाही. त्याने एवढेच करावे, की सर्वांत लहान बाटली घ्यावी आणि ती दिवाळीनंतरच उघडावी.