४:३० ची बस घेतली होती, माझा अनुभव

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेसर बस म्हणजे एक दादा ४:३० चा, म्हणजे साडेचार तासांचा, झेंडा घेऊन मॅरेथॉनचे अख्खे ४२ किमी एकाच लयीत पळतो, किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद, आणि आपण त्याच्या मागे राहायचं. २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनला मी आणि नवऱ्याने एका ट्रेनिंग ग्रुपची ही बस घेतली.

सीएसएमटीहून निघालो तेव्हा वीसेक जण होतो, त्यात आम्ही पाच बायका. १० किमी व्हायच्या आत निम्मे पुरुष पुढे गेले, नवरा पण, "अगं पाय एकदम हलके आहेत, मी निघतो, तू ये मागून". पाचही जणी तिथेच. दादा सारखा सांगत होता की आत्ता हलके वाटणारच, पेडर रोडच्या चढाला पाय काय म्हणतात ते बघा. तो चढ ३५ किमीनंतर येतो आणि तिथे आमचीच माणसं एकेक करून सापडायला लागली, कोणी कंबरेवर हात ठेवून चालतंय, कोणी पोटरी चोळतंय, नवरा डिव्हायडरला टेकून मीठ चाटत होता. मी थांबायला लागले तर म्हणाला बस सोडू नकोस, पळ. मी ४:२८, तो ४:५१, आणि एरवी १० किमीत तो माझ्या बराच पुढे असतो!

हे आमच्याच घरचं नाही. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनच्या ९१ हजारांवर निकालांचा अभ्यास २०१५ ला आला, त्यात दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्के स्लो झाले, बायका ११.७. थोडा शरीराचा भाग आहेच, बायकांचं शरीर चरबी जास्त वापरतं म्हणून साखर उशिरा संपते, पण सुरुवातीचा फाजील आत्मविश्वास पण मोठं कारण आहे असं मला मनापासून वाटतं. आणि बायका घाबरून मागे राहतात असं कोणी म्हणू नका, आमच्यातली एक ४० किमीला बस सोडून सुसाट गेली, रिस्क तिनेही घेतली, फक्त अंगात काय शिल्लक आहे ते बघून.

तक्रार एकच, पहिले ५ किमी दादा ठरल्यापेक्षा दहाएक सेकंद फास्ट होता, त्यानेच लोकांना चेव आला. बाकी पैसे वसूल. पुरुषांनी तर नक्की घ्या, आणि ३५ किमीपर्यंत उतरू नका.