भट्टीसमोरची काळी काच: सहा महिन्यांनंतर

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत लाडल (वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं) तापवायच्या बर्नरसमोर थर्मल कॅमेरा आहे. त्याच्यापुढे साधी काच चालत नाही. ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता तिच्यातून जातच नाही, कॅमेऱ्याला नुसती काचच दिसते.

म्हणून आधी आर्सेनिक-सेलेनियमची खिडकी घेतली. दुकानदार म्हणाला, "तीनशेला काय होत नाही, सर." एका रात्री खिडकी गार ठेवणारा ब्लोअर बंद पडला. सकाळी खोललं तर रिंगचा ठसा काचेत उठलेला, मेणावर उठावा तसा. ती काच १८५ अंशांच्या आसपासच मऊ पडते, हे नंतर कळलं. आर्सेनिकची वस्तू, म्हणून हातमोजे घालून बांधून बाजूला ठेवली.

आता वापरतोय ती दुसरी. अणूंच्या हिशेबात जर्मेनियम २८, अँटिमनी १२, सेलेनियम ६० टक्के. अँटिमनी माझ्या ओळखीचा. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, शिशाचे खिळे कडक व्हायला त्यात हाच घालायचे. मला वाटलं, इथंही तेच काम. तसं नाही. सेलेनियमचे अणू दोन हातांनी साखळी धरतात, जर्मेनियमला चार हात, तो साखळ्या एकमेकींना बांधतो. त्यामुळं ही काच २८५ पर्यंत तग धरते. अँटिमनी तीन हातांचा, आर्सेनिकच्या जागी बसणारा. जर्मेनियमसोबत आर्सेनिकच ठेवलं तर ३७० च्या जवळ जाता येतं, पण मला ते घरात परत नको होतं. अँटिमनी वाढवत नेला तर काचेत स्फटिक धरतात आणि ती काच राहत नाही, त्यामुळं हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही.

बिनकोटिंगची आहे. अपवर्तनांक २.६, त्यामुळं दोन्ही बाजूंनी परावर्तन होऊन ६७ टक्के आत जातं. कॅमेऱ्यात ट्रान्समिशन ०.६७ आणि खिडकीचं स्वतःचं तापमान भरा, नाहीतर आकडे खोटे येतात. निव्वळ जर्मेनियमची बिनकोटिंगची खिडकी जेमतेम ४७ टक्के सोडते आणि शंभर अंशांपुढं आंधळी होत जाते. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून चीननं जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाने लावलेत. या काचेतही तो आहे, पण कमी.

तक्रार एकच, पण मोठी. लय मऊ आहे. त्यात डोळ्याला ठार काळी, आरपार काही दिसत नाही, मळली की स्वच्छ आहे ते कळत नाही. रात्रपाळीच्या पोरानं एकदा चिंधीनं पुसली. चिंधीत लोखंडाची धूळ होती. आता मधोमध चरे आहेत आणि लाडलच्या चित्रावर तेवढीच धूसर पट्टी दिसते.

वरून कार्बनचा कडक थर दिलेली तसलीच एक मागवलीय. आणि दुसरा ब्लोअर.