केळवली स्टेशन: दहा महिन्यांच्या पासवाल्याचा अनुभव

गेल्या जूनमध्ये कर्जत-खोपोली लाइनवरच्या केळवलीला भाड्याने राहायला आलो. नोकरी बदलापूरला. त्याआधीचं सगळं आयुष्य कल्याणात गेलेलं, त्यामुळे गाडी चुकली तर 'येईल मागून दुसरी' ही सवय. ती सवय इथे पहिल्याच आठवड्यात मोडली. पळसदरीला पुण्याची लाइन घाट चढायला वेगळी होते आणि खोपोलीकडे एकेरी रूळ उरतो. जाणारी गाडीही त्यावरूनच, येणारीही. मुंबईहून थेट येणाऱ्या, 'केपी' म्हणजे खोपोली लावलेल्या लोकल मोजक्या; बाकी कर्जतला उतरून बदला.

गाडी चुकवण्याचा पहिला मान माझ्या खादाडपणाला. कर्जतला वडा दिसला, म्हटलं दोन मिनिटं आहेत. वडा गरम होता, फुंकत बसलो आणि खोपोली लोकल डोळ्यांदेखत हलली. केळवली जेमतेम दहा-बारा मिनिटांवर, आणि मी तासाहून जास्त वेळ कर्जतच्या बाकावर. आता वडा पार्सल.

सकाळी मात्र मजा असते. जुलैत प्लॅटफॉर्मवर टाकळ्या-कुरडूचे भारे घेऊन ठाकरवाडीच्या बायका बसलेल्या असायच्या. मी सारखा मोबाइलमध्ये वेळ बघतोय हे पाहून त्यातली एक मावशी म्हणाली, "बस की दादा, अजून डोळवलीचा भोंगा नाय वाजला." डोळवली म्हणजे खोपोलीकडून येताना आमच्या आधीचं स्टेशन. तो भोंगा वाजल्यावर तिने शांतपणे चुंबळ डोक्यावर ठेवली, भारा चढवला, आणि गाडी समोर येऊन थांबली. तेव्हापासून मीही ॲपऐवजी कान लावतो.

ही लाइन आडबाजूची वाटते, पण १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा हाच मुख्य रस्ता होता. १८६३ मध्ये बोरघाटातली लाइन सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारे खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढत. कर्जतला तासभर बसणारा मी त्यामानाने सुखी.

ठरलेली शिफ्ट असेल तर बिनधास्त या. बसायला जागा मिळते, हे कल्याणवाल्याला सांगून पटत नाही. साहेब सुट्टीच्या वेळी 'जरा थांब' म्हणणारा असेल तर कर्जतलाच घर बघा. स्टेशनाबाहेर रिक्षा उभी असेलच असं धरू नका. पावसात छत्रीपेक्षा गमबूट कामाचे.

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. मालकांना हो सांगितलंय.