‘डॉट-बी’ माइंडफुलनेस अभ्यासक्रम: बुलिंगवरचा उपाय म्हणून घेऊ नका

ब्रिटनमधल्या ‘माइंडफुलनेस इन स्कूल्स प्रोजेक्ट’ या संस्थेचा हा माध्यमिक शाळांसाठीचा माइंडफुलनेसचा, म्हणजे या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाचा, अभ्यासक्रम 10 तासिकांचा आहे. बांधणी उत्तम. पावलं जमिनीला, बूड खुर्चीला टेकलेलं जाणवून घेणं, आडवं पडून करायचा सराव, मग सातपर्यंत मोजत श्वास आत आणि अकरापर्यंत मोजत बाहेर. हे आकडे सगळ्यांना झेपत नाहीत. ओढूनताणून केलं की उलट धाप लागते. आत तीन, बाहेर पाच मोजलं तरी चालतं, फक्त उच्छ्वास लांब हवा.

शिक्षकानं आधी स्वतः आठ आठवड्यांचा कोर्स करायचा, मग चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं. ही अट शाळांनी गाळू नये. स्वतः सराव न केलेल्या शिक्षकाच्या तासाला ‘गप्प बसा’ यापलीकडे काही होत नाही.

मात्र ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विलेम कायकन यांच्या नेतृत्वाखाली 84 शाळांमधल्या 11 ते 14 वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर या अभ्यासक्रमाची जी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा (भावना सांभाळणं, इतरांशी नीट वागणं शिकवणाऱ्या तासिकांपेक्षा) मुलांच्या मानसिक आरोग्यात जास्त फरक पडला नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला.

बुलिंगसाठी तर याची रचनाच नाही. इथे प्रत्येक मूल आपापल्या मनाशी काम करतं. छळ मात्र टिकतो तो हसणाऱ्या, साथ देणाऱ्या आणि गप्प राहणाऱ्या वर्गमित्रांमुळे. ज्याला त्रास होतोय त्यालाच ‘श्वासाकडे लक्ष दे’ म्हणणं म्हणजे मोठ्यांची जबाबदारी त्याच्या माथी मारणं. त्रास देणारा मागच्याच बाकावर असेल, तर त्या मुलाला डोळे मिटायला अजिबात लावू नका. उघड्या डोळ्यांनी, भिंतीकडे पाठ करून बसू द्या.

बुलिंग थांबवायला फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातला क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या गटाचा ‘कीवा’ हा बुलिंगविरोधी कार्यक्रम पाहा. त्यात छळ बघणाऱ्या मुलांनी काय करावं हे वर्गात शिकवतात. प्रकरण घडलं की शाळेतली मोठ्यांची टीम त्रास झालेल्या मुलाशी बोलते, त्रास देणाऱ्यांशी एकेकट्यानं बोलते आणि वागणं खरंच बदललं का हे पाहायला पुन्हा बैठक घेते. वर्गशिक्षक वर्गातल्या दोन-चार समंजस मुलांना पीडित मुलाच्या सोबतीला राहायला सांगतात.