महिन्याची फी की एकदाच पैसे: वॉव घ्यावा की गिल्ड वॉर्स २?

पीसीवर एखादा मोठा ऑनलाइन गेम लावायचाय, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (म्हणजे वॉव) घेऊ की गिल्ड वॉर्स २, असं ज्याने ज्याने विचारलं त्या प्रत्येकाच्या प्रश्नाला एक शेपूट असतंच, की तो दुसरावाला महिन्याला काही घेतच नाही म्हणे, मग चालतो कशावर, उद्या गाशा गुंडाळला तर माझी मेहनत पाण्यात ना? शंका रास्त आहे. म्हणून ग्राफिक्स, क्लास, पीसी किती तगडा लागतो वगैरे सोडून देतो, ते यूट्यूबवर ढिगाने मिळतं. मी दोन्ही खेळलोय, आता एकच खेळतो, कुठला ते वाचताना कळेलच.

आधी ते "चालतो का" प्रकरण. वॉवचा एक आकडा सगळ्यांना पाठ असतो, २०१० च्या ऑक्टोबरमध्ये १ कोटी २० लाख सबस्क्रायबर. ऐकलं की वाटतं एवढी माणसं दर महिन्याला १४.९९ डॉलर मोजत होती. पण त्यात चीनमधले खेळाडू धरलेले होते आणि तिकडे महिन्याची फी नव्हतीच, तासांच्या हिशोबाने प्रीपेड चालायचं, गेमिंग कॅफेत बसून गेल्या ३० दिवसांत खेळलेला माणूसही त्याच यादीत. आकडा खोटा नाही, पण आपण डोक्यात जो गुणाकार करतो तो चुकीचा आहे. पुढे २०१५ मध्ये तो ५५ लाखांवर आला आणि वॉव बनवणाऱ्या ब्लिझार्डने सबस्क्रायबर जाहीर करणंच बंद केलं. म्हणजे ज्या मोजपट्टीने आपण बाकी सगळ्या गेमना नापास करत होतो ती मालकानेच कपाटात ठेवून दिली.

आता दुसरी बाजू. गिल्ड वॉर्स पहिला आला २००५ मध्ये, फी नाही, गेमचा डबा घ्या आणि खेळा. तो बनवणारी अरीनानेट ही कंपनी काढणारे तिघं पूर्वी ब्लिझार्डमध्येच होते, मागे पैसा कोरियाच्या एनसीसॉफ्टचा. २००९ पर्यंत गिल्ड वॉर्सच्या ६० लाख प्रती विकल्या गेल्या, पण इथेही गोम आहेच, कारण फॅक्शन्स आणि नाइटफॉल हे पुढचे भाग स्वतंत्र गेम म्हणूनही विकले जायचे, तेव्हा एकाच हौशी माणसाने तीन डबे घेतले तर ते तीन धरले गेले. एकीकडे डोकी मोजतायत, दुसरीकडे डबे, आणि लोक दोन्ही शेजारी ठेवून वाद घालतात. गिल्ड वॉर्स २ मध्ये तर २०१५ पासून मूळ गेम फुकट केलाय, त्यामुळे तिथे खाती किती उघडली याला काहीच अर्थ उरला नाही. मीच दोन उघडलीत, दुसरं नुसतं सामान ठेवायला.

मग बघायचं काय? एनसीसॉफ्ट शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे आणि तिच्या तिमाही हिशोबात गिल्ड वॉर्स २ ची कमाई वेगळी दाखवतात, ते बघायचं. फक्त ते वाचायची पद्धत वेगळी. फीवाल्या गेमची कमाई सपाट रस्त्यासारखी दिसायला हवी, खाली गेली की काळजी. बिनफीवाल्याची तशी दिसणारच नाही. हा गेम २८ ऑगस्ट २०१२ ला आला, दोन आठवड्यांत २० लाखांवर प्रती गेल्या, मध्ये तर सर्व्हरला झेपेना म्हणून अरीनानेटने स्वतःच्या साइटवरची विक्री काही काळ थांबवली होती. त्या वर्षाची शेवटची तिमाही म्हणजे उंच मनोरा, आणि लगेच पुढची तिमाही त्याच्या निम्म्याच्याही खाली. "संपला, मेला" अशी बोंब तेव्हापासून सुरू आहे. अरे पण सगळे पैसे दारातच घेतले तर दुसऱ्या दिवशी गल्ला कमी दिसणारच ना! माझ्या मते दोनच गोष्टी बघाव्यात. नवीन एक्स्पान्शन, म्हणजे त्याच गेमचा वेगळा विकत मिळणारा पुढचा भाग, आलं की कमाईला उचकी लागते का, आणि उचकी थांबल्यावर आकडा कुठल्या तळाला जाऊन बसतो. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्सला उचकी आली, २०२२ च्या एंड ऑफ ड्रॅगन्सलाही आली. म्हणजे गेलेले लोक परत येऊन पुन्हा पैसे देतायत, दहा वर्षं जुन्या गेमला. माझ्यासाठी यश ते.

सगळं गोड नाही हेही सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये अरीनानेटमधून शंभरहून जास्त लोकांना काढलं, ज्यांच्यावर पैसे ओतले ते नवे प्रोजेक्ट बाहेर आलेच नाहीत आणि चालू गेमची कमाई उतरत होती. तळ खचला की काय होतं ते तेव्हा दिसलं. त्यानंतर २०२३ पासून त्यांनी गाडी बदलली, मोठ्या एक्स्पान्शनऐवजी साधारण दर वर्षी एक लहान, आधीच्या मोठ्यांपेक्षा स्वस्त, २४.९९ डॉलरचं, आणि त्यातला मजकूर वर्षभर हप्त्याहप्त्याने. थोडक्यात हीसुद्धा एक वर्षाची फीच झाली असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. फरक एवढाच की नाही भरली तरी आधी घेतलेलं सगळं उघडं राहतं.

आणि फी आहे म्हणून गेम टिकतो हेही मनातून काढा. याच एनसीसॉफ्टचा वाइल्डस्टार, जून २०१४ मध्ये महिन्याच्या फीवर आला, पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये फी सोडून दिली, नोव्हेंबर २०१८ मध्ये सर्व्हर बंद. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनही २०१४ मध्ये फी लावून आला, वर्षभरात ती सक्ती काढली आणि त्यानंतरच तो नीट उभा राहिला. उलट २००५ चा तो म्हातारा गिल्ड वॉर्स अजून चालू आहे, आजही लॉगिन होतं. तो पोसायला मुळात जड नाही, कारण गावात सगळे एकत्र दिसतात पण वेशीबाहेर पडलं की नकाशा फक्त तुमच्या टोळीपुरता, हजारोंचा मेळावा एका जागी सांभाळायची भानगडच नाही. खर्च कमी तर फी नसली तरी निभतं.

असो, आता ज्या एका गोष्टीने मला इकडे ढकललं ती सांगतो, आणि ती आकड्यांची अजिबात नाही.

फीचा धंदा कशावर चालतो? विसरण्यावर. एकदा कार्ड टाकलं की पैसे आपोआप जातात आणि तुम्ही खेळता की नाही हे कोणी विचारत नाही, तुम्ही स्वतःसुद्धा. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-पेमेंटचे नियम कडक झाले, आधी सूचना, आधी मंजुरी, आपल्याच भल्याचे आहेत, त्यात वाद नाही. पण माझ्यापुरता परिणाम असा झाला की मी खेळत होतो त्या फीवाल्या गेमचं (नाव मुद्दाम घेत नाही, आणि कार्ड कुठल्या बँकेचं तेही राहू दे) आपोआप कापणं बंद पडलं आणि दर महिन्याला हाताने भरायची वेळ आली. आणि हाताने भरायचं म्हटलं की दर महिन्याला तोच प्रश्न समोर उभा. या महिन्यात खेळणं होईल का? भरू का? गणपतीत गावाला जायचंय, मग आत्ता भरू की आल्यावर? ऑफिसचं रिलीज आहे, दोन आठवडे डोकं वर काढायला मिळणार नाही, मग निम्मा महिना वायाच ना?

एका शुक्रवारचं सांगतो. पाऊस, गाड्या उशिरा, डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत साडेनऊ. जेवून पीसी लावला. माझे कॅरेक्टर रांगेने उभे दिसतायत, सगळी शस्त्रं बिस्त्रं घालून, एंटरचं बटण दाबलं की गेम टाइम संपलाय म्हणून पाटी. कार्ड टाकलं, ओटीपी आला, टाकला, चक्र फिरतंय फिरतंय, पेमेंट नाकारलं. दुसरं कार्ड घ्यायला आतल्या खोलीत गेलो तर बायको म्हणाली, "एवढ्या रात्री पैसे कुणाला भरताय?" आता याला उत्तर काय देणार. दुसऱ्या कार्डावर झालं एकदाचं, तोवर अपडेट उतरायला लागलं, बार सरकेना, आणि ते होईस्तो झोप डोळ्यांवर आली. दुसऱ्या दिवशी मामेबहिणीचा साखरपुडा होता कल्याणला. पैसे भरलेत म्हणून रविवारी रात्री जबरदस्ती बसलो, मन नव्हतं तरी. तिथेच माझं बिनसलं बघा. खेळायची इच्छा आहे म्हणून बसणं वेगळं आणि भरलेत म्हणून बसणं वेगळं. रेल्वेच्या पासचा हिशोब आहे हा, रोज जाणाऱ्याला पास, अधूनमधून जाणाऱ्याने तिकीट काढावं, आणि मी गेमच्या बाबतीत अधूनमधून जाणाराच निघालो.

गिल्ड वॉर्स २ मध्ये हा प्रश्नच पडत नाही. मधे कित्येक महिने मी उघडला नव्हता, परत गेलो तर कॅरेक्टर जिथे सोडला तिथेच उभा, आणि मुख्य म्हणजे सामान शिळं झालेलं नाही. सगळ्यात वरची लेव्हल २०१२ पासून ८० वरच थांबलेली आहे, सगळ्यात वरचं जे असेंडेड सामान तेव्हा घाम गाळून बनवलं त्याचे आकडे आजही वरच्याच दर्जाचे. वॉवमध्ये नवीन एक्स्पान्शन आलं की जुनं सामान मोडीत, पुन्हा शिडीच्या पहिल्या पायरीवर, ज्यांना ती शिडी आवडते त्यांना आवडते, माझ्या ओळखीत ठाण्याचा एक जण आहे तो त्यासाठीच खेळतो आणि मला म्हणतो, "तुझ्या गेममध्ये मिळवायचं काय मग?" त्याचंही चूक नाही.

वॉवची बाजू घ्यायची तर रेड. वीस लोक एकत्र येऊन एखादा बॉस, म्हणजे मोठा तगडा शत्रू, आठवडे आठवडे आपटून पाडण्यात जी मजा आहे ती इकडे तेवढी नाही, उगाच कशाला खोटं बोला. पैसे भरलेले असतात म्हणून लोक वेळेवरही येतात. फक्त मुंबईत बसून एक गणित करा, युरोपचे लोक त्यांच्या रात्री आठला जमतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि थंडीत साडेबारा. सकाळी सात बावनची फास्ट पकडणाऱ्या माणसाने काय करायचं? गिल्ड वॉर्स २ मधले मोठे बॉस ठरलेल्या वेळापत्रकाने दिवसरात्र फिरत येतात, टेक्वाटल रात्री हुकला तर पहाटे आहे, जो दिसेल तो येऊन मारतो, कुणाला आधी सांगायला नको.

इकडचा त्रासही ऐकून ठेवा. पिशवी. कायम भरलेली. चार माकडं मारली की "इन्व्हेंटरी फुल", आणि जास्तीचा बॅग स्लॉट, म्हणजे आणखी एक पिशवी अडकवायची जागा, हवा तर जेम स्टोअर, खऱ्या पैशाने जेम घेऊन खरेदी करायचं गेममधलं दुकान. महिन्याला घेत नाहीत ते असं घेतात, हे उघडच आहे. दिलासा एवढा की गेममधलं सोनं देऊन जेम घेता येतात, मी स्लॉट तसेच घेतले, भाव चढलेला असला तर थांबायचं. दुसरं, जुन्या गोष्टीचे भाग, लिव्हिंग वर्ल्ड म्हणतात ते, त्या त्या वेळी लॉगिन केलेल्यांना फुकट मिळाले आणि नंतर येणाऱ्याने त्यातले बहुतेक विकत घ्यायचे, त्यामुळे कुठल्या क्रमाने काय घ्यायचं हे समजून घेण्यात नवीन माणसाचा एक शनिवार जातो. या बाबतीत फीवाला गेम सोपा, भरा आणि सगळं उघडं, निदान बहुतेक सगळं.

तर तुम्ही रोज रात्री दोन-तीन तास नक्की बसणार असाल, सोबत चार मित्र असतील आणि उशिरा झोपायची सवय असेल, तर वॉव घ्या, पैसे वसूल होतील. २० लेव्हलपर्यंत तो फुकट खेळता येतो, तेवढ्यात कळतं. बाकी नोकरी, लोकल, लग्नकार्य असलं सगळं मागे लागलेलं असेल तर मी आपला गिल्ड वॉर्स २ चं फुकट खातं उघडायला सांगेन. सर्व्हर युरोपचा निवडा, मला मुंबईहून अमेरिकेपेक्षा तो बराच बरा चालतो. ८० पर्यंत जा, काहीही विकत न घेता. तिथे पोचल्यावरही रस असेल तर सेलची वाट बघून जुनी एक्स्पान्शनं एकत्र घ्या, पूर्ण भावाने घेऊ नका, सेल येतच असतात. आणि पहिली खरेदी कपडे किंवा पंख नकोत, बॅग स्लॉट.