कर्ण सरळ हवा असेल तर: वॉरंटी संपलेल्या टॅबसाठी गल्ली की सर्व्हिस सेंटर?

आमच्या घरी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन टॅब आहेत. दोघांनाही एकच आजार झाला आणि दोघांनीही वॉरंटीचं वर्ष संपेपर्यंत कळ काढली. पहिला चौदाव्या महिन्यात बिघडला, दुसरा सोळाव्या. स्क्रीनच्या वरच्या अंगाला दोन बोटं रुंदीचा आडवा पट्टा. त्यात चित्र अगदी नीट दिसायचं, पण बोट लावा नाहीतर पेन लावा, टॅब ढिम्म. पहिला मी पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुरुस्त करून घेतला, दुसरा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. पहिला आता आई वापरते, दुसऱ्यावर मी शिकवतो.

कुठे जायचं हे ठरवण्याआधी स्क्रीन खरंच गेली आहे का ते बघून घ्या, कारण निम्मे लोक इथेच फसतात. रेघ किंवा डाग दिसत असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर उघडा. तिथेही रेघ दिसली तर पॅनल बिचारं निर्दोष आहे, घोळ सॉफ्टवेअरचा. टच आपोआप नाचत असेल तर चार्जर काढून आणि स्क्रीन गार्ड सोलून बघा. स्वस्तातल्या चार्जरनं हा प्रकार बऱ्याचदा होतो. आणि मधोमध पांढुरका डाग पडून कड किंचित उचलल्यासारखी वाटत असेल तर स्क्रीनचा विषयच सोडा. आत बॅटरी फुगलेली असू शकते. तो टॅब चार्जिंगला न लावता आधी कोणाला तरी दाखवा.

माझ्या दोन्ही टॅबमध्ये यातलं काहीच नव्हतं. टचच गेला होता.

पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरचा विचारही मनात आला नाही. पेठेत वाढलेल्या माणसाचे पाय वस्तू बिघडली की बुधवारातच वळतात. वनाजहून मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली, मंडईला उतरलो आणि चालत गेलो. टॅब खिडकीतून आत दिला. कारागीर विशीतला असेल. त्यानं टॅब उजेडात तिरका धरला, नखानं काच दोनदा वाजवली आणि सांगितलं, "सर, काच आणि डिस्प्ले एकच आहे, चिकटवलेला. नुसता टच नाही निघणार. फोल्डरच बदलावा लागेल." डिस्प्ले आणि टचच्या जोडकामाला या धंद्यात फोल्डर म्हणतात, कोणी कॉम्बो म्हणतं. कॉपीचे साडेचार हजार. ओरिजनल हवा असेल तर दुसऱ्या बंद पडलेल्या टॅबमधून काढलेला मिळतो का बघतो, पण कधी मिळेल सांगता येत नाही.

मी कॉपी घेतली.

त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. काम माझ्या डोळ्यांसमोर झालं. गरम पाटावर टॅब ठेवून गोंद सैल केला, पातळ प्लास्टिकची पाती कडेनं फिरवली, जुनी काच पापडासारखी अलगद उचलली. आतली पट्टी (केबलला ते स्ट्रिप म्हणतात) काढून साफ केली आणि पुन्हा लावून बघितली, उगाच नवा फोल्डर माथी मारायला नको म्हणून. नाही चाललं, मग नवा जोडला. चिकटवण्याआधी चालू करून दाखवला. डेटा जागच्या जागी, पासवर्डसुद्धा विचारला नाही. दीड तासात टॅब हातात. पक्कं बिल मागितल्यावर त्याचा चेहरा जरा पडला, पण दिलं. वॉरंटी? "टेस्टिंग वॉरंटी सर, आत्ता इथे बघून घ्या." मी बघितलं. व्हिडिओ लावला, टाइप केलं, सगळ्या कोपऱ्यांत बोट फिरवलं. रंग थोडा पिवळसर वाटला, पण तो चार दिवसांत डोळ्यांना सवयीचा झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दहावीची बॅच होती. भूमिती, पायथागोरसचं प्रमेय. मी टॅबवर लिहितो आणि ते समोरच्या टीव्हीवर दिसतं. पाया काढला, सरळ. लंब काढला, सरळ. मग कर्ण ओढला, आणि तो बारीक बारीक लाटा घेत गेला, जिना उतरल्यासारखा. पुसून पुन्हा काढला, पुन्हा तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कर्ण वाकडा आहे." मी म्हटलं हात थरथरला असेल. तिसऱ्यांदा काढला तर वर्गात हसू पसरलं.

पुढचे कित्येक आठवडे तो वाकडा कर्ण माझा पिच्छा सोडत नव्हता. त्याचं कारण मागाहून समजलं. टचच्या काचेत आडव्या-उभ्या तारांची न दिसणारी जाळी असते. पेनाचं टोक दोन तारांच्या मधे असलं की शेजारच्या तारांवरच्या सिग्नलचा हिशेब करून टॅब त्याची जागा ठरवतो. हा हिशेब मूळ काचेला मोजून मापून बसवलेला असतो. कॉपी काचेत तो थोडा चुकतो. आडवी किंवा उभी रेघ एका तारेच्या बाजूनं जाते म्हणून चूक लपते. तिरकी रेघ एकामागून एक तारा ओलांडत जाते, त्यामुळे चूक दर पावलाला उघडी पडते. बोटाचा ठसा मोठा, त्याला फरक जाणवत नाही. पेनाचं टोक बारीक, त्याला जाणवतो. काही टॅबमध्ये पेनासाठीची जाळी डिस्प्लेच्या मागे स्वतंत्र असते, तिथे कदाचित हा त्रास होणार नाही. माझ्यात ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेघेची सोय असते की. असते. रेघ ओढून पेन क्षणभर तसंच धरलं की ती आपोआप सरळ होते. महिनाभर तसं करून बघितलं. पण शिकवताना माणूस रेघ ओढून थांबत नाही, बोलत बोलत पुढे जातो. शिवाय तिरकी अक्षरंही वाकडी यायची. माझा 'क्ष' असा यायचा की पोरं त्याला दुसराच चल समजायची.

गल्लीत परत गेलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, स्वतः तिरकी रेघ ओढून बघितली आणि कबूल केलं, "पेनवाल्यांची ही कंप्लेंट येते सर." हजार रुपये परत देऊ केले. काम त्यानं प्रामाणिक केलं होतं, म्हणून मी पाचशेच घेतले. मग मनात आलं, आता सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन कंपनीचा पार्ट बसवून घेऊ. तिथे टॅब आत गेला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. आत बाहेरचा पार्ट आहे, म्हणून घेता येणार नाही. पैसे द्यायला तयार होतो, तरीही नाही.

या तुलनेत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, आणि ती कोणी आधी सांगत नाही. सर्व्हिस सेंटरमधून गल्लीत कधीही जाता येतं. गल्लीतून सर्व्हिस सेंटरमध्ये जायची वाट बहुधा बंद होते.

त्यामुळे दुसऱ्या टॅबला सोळाव्या महिन्यात तोच पट्टा उमटला, तेव्हा मी त्याला गल्लीचं वारंही लागू दिलं नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो आणि तिथला त्रास काय असतो तेही पुरेपूर अनुभवलं. टोकन, जॉब शीट, आणि काउंटरवरच्या मुलीच्या तोंडी एकच वाक्य, "सर, सिस्टममध्ये डिस्प्ले असेंब्लीच दाखवतंय." स्ट्रिप काढून लावून बघाल का असं विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही. ज्यानं टॅब उघडला तो माणूस मला शेवटपर्यंत दिसला नाही. टॅब देण्याआधी पूर्ण रिसेट करून द्यायचा, ही त्यांची अट. टच गेलेल्या टॅबवर बॅकअप घ्यायचा कसा? नेमकं ते बटण मेलेल्या पट्ट्यात. त्यावर दोन उपाय आहेत. टॅब उलटा धरला की स्क्रीन फिरते आणि बटण जिवंत भागात येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर ओटीजी अडॅप्टर (टॅबच्या चार्जिंगच्या जागी यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा यूएसबी माऊस जोडायचा. स्क्रीनवर बाण येतो आणि सगळं उघडतं. मला माऊसच लागला. ही युक्ती गल्लीत जातानाही करा, नव्हे, आधी तीच करा.

एस्टिमेट आलं: पार्ट ९,३००, मजुरी ७५०, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८५९ रुपये. गल्लीच्या अडीचपटीहून जास्त. तीन दिवस सांगितले होते, नऊ लागले. त्या नऊ दिवसांत मी फळ्यावर शिकवलं. पोरांना ते जास्त आवडलं, हा भाग वेगळा.

एस्टिमेटला हो म्हणण्याआधी मात्र कंपनीला एक ईमेल टाकला. त्यात चिडचिड केली नाही. दोन टॅब एकाच मॉडेलचे, दोन्ही कधी पडले नाहीत, दोन्हीत एकाच जागी टच गेला, दोन्हीचे फोटो आणि बिलं सोबत. हा दोष वापरातला दिसतो की बनवतानाचा, एवढंच विचारलं. चार दिवसांनी मजुरी माफ झाल्याचं उत्तर आलं. १०,९७४ रुपये भरले. फार मोठी सूट नव्हे, पण न मागता तेवढीही मिळाली नसती.

याच्या पुढचा रस्ता ग्राहक आयोगाचा. वॉरंटी संपली म्हणून तक्रारीचा हक्क आपोआप संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आपण राहतो तिथेच दाखल करता येतं, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण दोष मुळातलाच होता हे दाखवावं लागतं. तपासणीशिवाय ते ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अकरा हजारांसाठी तेवढा दम मला नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. कंपनीनं ईमेलला दादच दिली नसती तर मी तिथे फोन केला असता. इथेही पुन्हा तेच: टॅब आधीच तिसऱ्या कोणी उघडलेला असेल तर बनवतानाचा दोष ही गोष्ट कोणाला पटवणार?

एक्स्चेंजमध्ये देण्याचा विचार असेल तर तो चटकन आटपतो. टच गेलेल्या टॅबला जो भाव येतो तो ऐकून मी फोन ठेवला.

म्हणजे सर्व्हिस सेंटरच बरं, असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आईचा टॅब बघा. ती त्यावर पेपर वाचते, कीर्तनं ऐकते, अक्षर बोटांनी मोठं करते. तिच्या आयुष्यात तिरक्या रेघेचा प्रश्नच नाही. वर्ष उलटून गेलं, कॉपी फोल्डर अजून ठणठणीत आहे. मुलांना व्हिडिओ बघायला, स्वयंपाकघरात कृती लावायला, म्हाताऱ्या माणसांना व्हिडिओ कॉलला टॅब लागत असेल आणि तो दोन-तीन वर्षांचा असेल, तर अकरा हजार घालणं मला तरी परवडलं नसतं. साडेचार हजार द्यावेत, दीड तास खिडकीशी उभं राहून काम बघावं.

पण टॅबला पेन लागत असेल, चित्रं काढणारी मुलगी घरात असेल, आर्किटेक्टचं काम असेल किंवा माझ्यासारखा धंदा असेल, तर मी आपला तो नऊ दिवसांचा मनस्ताप पत्करेन. त्या सेंटरमधल्या एकाही माणसानं माझ्याशी धड संवाद केला नाही. सोबत तीन महिन्यांच्या हमीचा कागद मात्र दिला. टॅब परत आल्यावर पहिल्याच बॅचला मी मुद्दाम काटकोन त्रिकोण काढला. कर्ण ओढला. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा तोच म्हणाला, "सर, आज गुण्या लावून काढला का?"

आणि इतकं सांगूनही गल्लीतच जाणार असाल, जा, मलाही ती आवडते. फक्त खिशात सहा इंची पट्टी न्या. फोल्डर चिकटवण्याआधी, नुसता जोडून चालू केलेला असताना, पट्टी स्क्रीनवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेनं पेन अगदी सावकाश ओढा. भरभर ओढलं तर लाटा लपतात. पैसे त्यानंतर काढा. गणिताचा मास्तर असून त्या दिवशी माझ्या खिशात पट्टी नव्हती.